झाडाची लोकर

कादर, तू गेल्याचं मला एका गाडीवानानं सांगितलं. अकोल्याहून सरकी घेऊन आला होता. बैल सोडता सोडता सहज म्हणाला, "तो तुमचा कादर पिंजारी गेला न जी. तापानं गेला." मी त्याला विचारलं, "सरकी कुठं उतरवायची ठरली?" खरंच हेच विचारलं. मग जागा दाखवली, त्याच्या बैलांना हौदावर नेलं, घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. ताट वाढून बायको दोनदा म्हणाली, मीठ पडलंय ना नीट? मी म्हटलं, हो. मीठ पडलंच नव्हतं, हे ती स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. सुपातून फोलपटं उडावीत तसे दिवस अंगावरून चाललेत, काही टोचत नाही, काही चिकटत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून बे सखाराम, माह्यासाठी दोन आसवं नाई निघत तुले? एवढा कोरडा झाला काय?" आणि मग तो शब्द तोंडातून गेला म्हणून तूच गप्प झाला असतास. आपल्या दोघांत तो शब्द तीन वर्षं कुणी उच्चारला नाही.

म्हणून आज लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहून ठेवलेलं तुला कधी कळणार नव्हतंच. पण तुझ्याशी बोलायची दुसरी वाट मला माहीत नाही.

साहेब आला ते दिवस आठव. तिकडे अमेरिकेत लोक आपसात लढायला लागले, तिथला कापूस अडकला, आणि इकडे आपल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. ज्यानं जन्मात जोडा घातला नव्हता तो गाडीवान रेशमी फेटा बांधून यायचा. त्या गर्दीत कापूस खरेदीला आलेला आपला साहेब, लालबुंद, सदा घामेजलेला. लोक त्याला इंग्रज म्हणायचे आणि तो चिडायचा. तो जर्मन होता, ब्रेमेन नावाच्या गावचा. त्यानं मुंबईहून आणलेला दुभाषी चार आठवड्यांत कंटाळून परत पळाला. साहेबाला हिंदुस्थानी दहा-वीस शब्द येत, त्यातले निम्मे शिव्या. मग त्यानं ठरवलं की स्वतःची भाषा आपल्या दोघांनाच शिकवायची. तू त्याचा पारखी, बोऱ्यात हात घालून रुईचा कस सांगणारा. मी गाड्यांचे नंबर लावणारा आणि मोडीत टिपणं ठेवणारा.

सकाळी गाड्या लागायच्या आत कडुनिंबाखाली आपली शाळा. साहेबाची तऱ्हा उलटीच होती. आपल्या पंतोजींनी आधी उत्तरं घोकून घेतली असती. यानं आधी प्रश्न शिकवले. वेर, वास, वो, वान, वी, वोहेर, वारूम. कोण, काय, कुठं, कधी, कसं, कुठून आणि का, म्हणजे आपलं काहून. "सारे एकाच मायचे लेकरं हायेत हे," तू म्हणालास, "तोंडवळा एकच." मी ते मोडीत लिहून घेत होतो तोवर तू उठून रस्त्यावर गेलासही. पहिल्या गाडीवाल्यापुढे उभा राहून म्हणालास, "वेर? वोहेर?" चांदूर बाजारचा तो म्हातारा शेतकरी. त्याला वाटलं तू कसला मंत्र मारतोयस. त्यानं चाबूकच उगारला. तू हसत हसत मागे पळालास आणि साहेब इतका हसला की त्याला खोकला आला.

तू असाच होतास. नवीन शब्द हातात आला की तो वापरल्याशिवाय तुला चैन पडायची नाही. मी साठवून ठेवायचो. मला वेड लागलं होतं जोडशब्दांचं. साहेबानं दोन काड्या घेतल्या, एकीला म्हणाला वागन, म्हणजे गाडी. दुसरीला राड, म्हणजे चाक. दोन्ही टोकाला टोक लावून ठेवल्या: वागनराड, गाडीचं चाक. मध्ये 'चं' नको, 'ची' नको, नुसतं लावायचं. शेवटी येतो तो मालक, पुढं असतो तो त्याचा चाकर, असं साहेबानं मिशा पिळून समजावलं. ऑक्सनवागन म्हटलं तर आपली बैलगाडी, जशीच्या तशी. हांटशू म्हणजे हाताचा जोडा, म्हणजे हातमोजा. त्यावर तू दिवसभर हसत होतास. "म्हंजे टोपीले डोक्याचा जोडा म्हणत असतीन हे लोक."

आणि कापसाला ते म्हणतात बाउमवोले. झाडाची लोकर. त्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं, ते काही मिटलंच नाही. मी म्हटलं, वा, काय नेमका शब्द! झाडाला येणारी लोकरच की ती. तू हातातली रुई माझ्या नाकापुढे धरून म्हणालास, "नेमका? अबे, ज्यानं मेंढी पाह्यली अन् कपाशी नाई पाह्यली, त्यानं ठेवलेलं नाव हाय ते. मंग आपून मेंढीले काय म्हणाचं? चालता कापूस?" मी म्हटलं, नाव असंच ठेवतात, ओळखीच्या वस्तूला टेकवून. तू म्हणालास, "त्यानं आधी इचाराले पायजे होतं. हे काय हाय? कुठून येते? इचारलंच नाई, ठेवून देल्लं नाव." तुझं म्हणणं, प्रश्न आधी. माझं म्हणणं, नाव आधी. तू मला वोर्टझाक म्हणायला लागलास, शब्दांचा बोरा. मी तुला फ्रागनमान, प्रश्नांचा माणूस. बाजारातली माणसं आपल्याकडे वेड लागल्यासारखी बघायची.

त्याच हिवाळ्यात मी तुला नांदगाव खंडेश्वरला मामांकडे हुरड्याला नेलं होतं. आई गेल्यावर मला मामांनीच वाढवलं, हे तुला मी वाटेत सांगितलं. मामांनी तुला आगटीजवळ बसवलं, गरम कणसं स्वतःच्या तळहातावर चोळून दाणे तुझ्या पुढ्यात टाकले. "कादरभाई, लाजू नका. पोट भरून खा." परत येताना तू बराच वेळ काही विचारलं नाहीस. मग म्हणालास, "तुह्या मामाच्या हातले घट्टे पाह्यले मी. अशा माणसाले कोणी खाली पाहाले नाई लावलं पायजे." हे तू म्हणाला होतास, कादर. मी विसरलेलो नाही.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं.

पारख्याचा रिवाज कुणाला माहीत नसेल तर सांगतो. तुला सांगायची गरज नाही. तू कोपरापर्यंत हात बोऱ्यात घालायचास, डोळे मिटायचास, आतून चिमूट काढून बोटांवर तार ओढून बघायचास. माल ठीक असला तर चिमूट फुंकरीनं उडवून द्यायचास. ओल लागली तर हात खांद्यावरच्या फडक्याला पुसायचास. बास, एवढंच. ते साहेबाला कधी कळलं नाही, पण साऱ्या बाजाराला कळायचं. माल पसंत झाला की तू गेरूत बोट बुडवून बोऱ्यावर तुझी खूण काढायचास, आडवी रेघ आणि तिच्यावर दोन ठिपके. त्या खुणेचा अर्थ, आतल्या मालाचा जामीन मी. तुझ्या अब्बांची, तुझ्या आज्याची तीच खूण होती, कमानीनं कापूस पिंजणाऱ्या घराण्याची.

त्या वर्षी रुईवर पाणी शिंपडायची साथच आली होती. वजन वाढतं म्हणून सगळेच शिंपडायचे आणि सगळेच नाही म्हणायचे. मामांची गाडी दुपारच्या आधी लागली. मामा बैलांची वेसण धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हाच मला कळलं. तू पहिल्या बोऱ्यात हात घातलास. डोळे मिटलेस. हात काढून फडक्याला पुसलास. सावकाश, तळवा आणि पाठ दोन्ही. गाड्यांच्या गर्दीत आपल्या तिघांखेरीज कुणी ते बघितलं नाही.

साहेब छत्रीखाली काहीतरी लिहीत होता. मान वर न करता त्यानं रोजचा सवाल केला, "ट्रोकन?" कोरडा का? रोज याचं उत्तर तू द्यायचास. त्या दिवशी तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "या, ट्रोकन."

हो, कोरडा. दोन शब्द. आपल्या बोलीत, तुझ्यासमोर, 'कोरडा हाय' असं म्हणायची माझी छाती झाली नसती. जीभ अडली असती. पण ती भाषा आपल्याकडे चार महिन्यांची होती. तिच्यात मी अजून कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाची शपथ घेतली नव्हती, आईला हाक मारली नव्हती. खोटं अगदी गुळगुळीत निघालं. मला वाटलंसुद्धा नाही की मी काही बोललो.

तुला जर्मन माझ्याहून बरी येत होती. तू माझ्याकडे बघितलंस, मामांकडे बघितलंस. मामा खाली मान घालून उभे होते. तू "नास" एवढं म्हणाला असतास, ओला, तरी पुरे होतं. साहेब उठला असता, बोरा फोडला असता, चारचौघांत मामांची शोभा झाली असती. तू गेरूची वाटी उचललीस. एकेका बोऱ्यावर तुझी खूण काढलीस. आडवी रेघ, दोन ठिपके.

पुढचं सगळ्या बाजाराला माहीत आहे. ओली रुई दाबून गाठी बांधल्या की आतल्या आत तापते. मुंबईला गाठी उघडल्या तेव्हा रुई काळी पडलेली, कुजका वास सुटलेला. खूण कुणाची? तुझी. साहेबानं तुला भर बाजारात उभं करून विचारलं, "वारूम?" काहून केलंस? तुझा आवडता प्रश्न. त्याची भाषा येत असूनही तू आपल्या बोलीत म्हणालास, "हात चुकला, साहेब." मी बाजूलाच उभा होतो, टिपणाची वही हातात घेऊन. साहेबाला तुझं बोलणं कळलं नाही म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी, कादर, मी त्याचं जर्मन करून दिलं.

दुसऱ्या दिवशी तू अकोल्याला गेलास. मी राहिलो. साहेबाची मर्जी राहिली. पुढे लढाई थांबली, भाव कोसळले, साहेबही गाशा गुंडाळून ब्रेमेनला गेला. जाताना त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला आणि मला इमानदार म्हणाला. त्या शब्दाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मी लिहून ठेवलेलं नाही.

एकदाच भेटलो आपण त्यानंतर, कौंडण्यपूरच्या यात्रेत. वर्धेच्या काठावर तू गाद्या-रजया मांडून बसला होतास. मला बघून उठलास. मी मनात म्हटलं, आता विचारेल. इतकी वर्षं बैलांना, झाडांना, परक्या गाडीवाल्यांना काहून काहून विचारणारा माणूस मला सोडणार नाही. विचारलंस ते एवढंच, "वी गेट्स?" कसं काय चाललंय? मी म्हटलं, "गुट." बरं आहे. तू एक रजई उलगडून दाखवलीस, टाके बघ म्हणालास. खरंच बारीक होते. मग कुणी गिऱ्हाईक आलं. मी नदीकडे जातो म्हणून निघालो आणि परत त्या वाटेनं आलोच नाही, दुसऱ्या बाजूनं घरी गेलो. तू माझी वाट बघितली असशील का, हे मला माहीत नाही. मला वाटतं बघितली असशील. तू उठून उभा राहिलास तेव्हा मला बसायला रजईची घडी सरकवली होतीस.

तू गप्प का राहिलास? मामांसाठी, असं मी मनाला सांगत आलो. आगटीजवळच्या त्या दाण्यांसाठी. आता मामाही नाहीत. पण कधी वाटतं, तू माझ्यासाठी गप्प होतास. मी आपण होऊन बोलेन याची तू वाट बघत होतास, त्या दिवशी बाजारात, मग अकोल्यात, मग वर्धेच्या काठी. तू मला इतका चांगला समजलास याचा मला रागही येतो. विचारलं असतंस, एकदा गचांडी धरून विचारलं असतंस, तर मी सुटलो असतो.

गाडीवान सांगून गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला आलो. तुझा तिजा, तिसऱ्या दिवसाचा फातिहा, होऊन गेला होता. तुझं घर मी पहिल्यांदाच बघितलं. ओसरीवर तुझे अब्बा बसले होते, भिंतीला कमान टांगलेली. मी सलाम केला, त्यांनी मान हलवली. जन्मभर कमानीचा टणत्कार कानाशी ऐकून त्यांना आता नीट ऐकू येत नाही, हे तू मला सांगितलं होतंस. मी त्यांच्याजवळ बसलो. समोर तुझी अर्धी शिवलेली रजई होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला काही वाटत नव्हतं. फक्त सुई टोचून ठेवली होती तिथं धागा लोंबत होता, तो कुणीतरी आवरायला हवा, एवढंच डोक्यात येत होतं.

आतून, पडद्याआडून तुझ्या बायकोचा आवाज आला. "अमरावतीवाले सखारामभाऊ काय तुमी?"

"हो, भाबी."

"तुमच्या लय गोष्टी सांगत होते ते. झाडाची लोकर अन् काय काय." मग म्हणाली, "एक इचारू काय भाऊ? राग नोका मानू."

"विचारा."

"तुमी होते न त्या रोजी तिथं. त्यायचा हात खरंच चुकला होता काय? अब्बांनी तवापासून त्यायले कापूस निवडू नाई देल्ला. कमानीले हात लावू नाई देल्ला. म्हणे, ज्याच्या हाताले पानी समजत नाई, तो पिंजारी कायचा. तीन साल नुसत्या रजया शिवून राहिले होते. मी इचारलं तर हसत. मले सांगा, चुकला होता काय?"

मला वाटलं होतं, यात्रेत बघितल्या त्या रजया तू आपखुशीनं शिवत होतास. घरचा धंदा, घरची माणसं, बरं चाललं असेल. टाके बघ म्हणालास तेव्हा मी टाके बघितले.

"नाही चुकला," मी म्हणालो. "रुई ओली होती. त्याच्या हाताला कळलं होतं. साहेबाला कोरडी म्हणून सांगितलं ते मी. गाडी माझ्या मामांची होती."

मला वाटलं ती रडत असेल, शिव्या देईल, निघून जा म्हणेल. ती म्हणाली, "हे अब्बांना सांगा. जरा जोरानं सांगा, त्यायले कमी आयकू येते."

मी तुझ्या अब्बांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, चाचा, कादरचा हात चुकला नव्हता. त्यांनी कानामागे तळवा धरला. "काय?" मी पुन्हा म्हणालो. समोरच्या ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. "काय म्हणते वं हा?" अब्बांनी पडद्याकडे बघून विचारलं. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, की कापूस ओला होता, कादरला ठाऊक होतं, खोटं मी बोललो, त्यानं माझ्यापायी खूण काढली.

ते त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलंच नाही. स्वतःचे दोन्ही हात उलटे करून बघितले, मग मांडीवर ठेवले. "हाताले समजलं होतं म्हन्तो?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा."

"पयल्याच बोऱ्यात?"

"पहिल्याच."

त्यांनी मान हलवली. ती कितीतरी वेळ हलतच राहिली. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गल्लीतून बाहेर पडलो तेव्हा लोक दोन्ही बाजूंनी बघत होते आणि माझा घसा दुखत होता. गेल्या कितीतरी दिवसांत अंगाला काही जाणवलं ते तेवढंच.

तुझा हात चुकला नव्हता, कादर. हे मी तुझ्या दारात अब्बांना तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून. तू समोर रजईची घडी सरकवून उभा होतास, तेव्हा ते हळू सांगितलं असतं तरी तुला ऐकू आलं असतं.